डाउन म्हणजे टेकडी

इंग्लंडचा नकाशा उघडा. लंडनच्या दक्षिणेला 'नॉर्थ डाउन्स' आणि 'साउथ डाउन्स' अशी दोन नावे आढळतील. 'डाउन' म्हणजे खाली, हे तुम्हांला ठाऊक आहे. मग हा सखल प्रदेश असेल, असे तुम्ही म्हणाल. पण तेथे आहेत टेकड्यांच्या रांगा!

या टेकड्या खडूसारख्या मऊ, पांढऱ्या चुनखडीच्या आहेत. त्यांवर मातीचा थर पातळ असतो. तेथील आखूड गवतावर शतकानुशतके मेंढ्या चरत आल्या. साउथ डाउन्सची उत्तरेकडची बाजू चांगली उभी आहे. दक्षिणेकडची मात्र समुद्राकडे हळूहळू उतरत जाते. बीची हेड येथे याच टेकड्यांचा पांढराशुभ्र कडा १६२ मीटर उंच आहे.

आता शब्दाकडे वळू. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडी. (देहरादूनमधील 'दून' निराळा. तो म्हणजे दरी!) स्विंडन या शहराच्या नावात हा जुना अर्थ अजून टिकून आहे. स्विंडन म्हणजे डुकरांची टेकडी.

त्या काळी 'टेकडीवरून' असे सांगायचे असेल, तर लोक 'ऑफ डूने' म्हणत. बोलता बोलता 'ऑफ'चा नुसता 'अ' राहिला. पुढे तोही गळून पडला. मागे उरला तो टेकडीचा शब्द. पण टेकडीवरून निघालेला माणूस खालीच येणार! म्हणून त्याच शब्दाला 'खाली' हा अर्थ चिकटला. तुमच्या उर्दूत उंचीला 'फराज' आणि सखल जागेला 'नशेब' असे दोन शब्द आहेत. मराठीतही चढ वेगळा, उतार वेगळा. इंग्रजीत मात्र 'डाउन' या एकाच शब्दात टेकडीही आहे आणि उतरणेही.

रेल्वेने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. मध्य रेल्वेवर मुंबईहून दूर जाणाऱ्या गाडीला 'डाउन' म्हणतात. येथे उंचीचा काही संबंध नाही. पुण्याची डाउन गाडी कर्जत ते लोणावळा या २८ किलोमीटरांत चक्क बोरघाट चढते! काही ठिकाणी तर दर ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. म्हणून बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. परतीची 'अप' गाडी मात्र तोच घाट उतरून मुंबईला येते.