काडीभर मळ, वेळेवर

मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत बाबांनी डंपर चालवला. निवृत्तीनंतर मळात रक्त दिसू लागलं, तेव्हा ते म्हणाले, "मूळव्याध आहे रे, सीटवर बसून बसून झालेली." आम्हीही मान डोलावली. आठ महिन्यांनी नागपुरात दुर्बिणीतून मोठ्या आतड्यातली गाठ दिसली.

मी पॅथॉलॉजीत काम करतो, म्हणून हे जास्त बोचतं. मळातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी आमच्याकडची 'फिट' चाचणी अगदी साधी आहे. खाचांची काडी मळात चार-पाच ठिकाणी टोचायची, द्रवाच्या नळीत बुडवायची, झाकण घट्ट लावायचं. चाचणीतली प्रतिपिंडं फक्त माणसाचं हिमोग्लोबिन पकडतात. याच कामाच्या जुन्या ग्वायॅक कार्डाला आदल्या दिवशीचं मटणही फसवायचं. इथे पथ्य नाही.

पुढची पायरी म्हणजे गाठीतून गळणारा डीएनए. मळातला डीएनए तपासणारी 'कोलोगार्ड' अमेरिकेत 2014 मध्ये मंजूर झाली, रक्तातला तपासणारी 'शील्ड' 2024 मध्ये. शील्डने अभ्यासात सुमारे 83 टक्के कर्करोग ओळखले, पण कर्करोगाआधीच्या मोठ्या गाठी जेमतेम 13 टक्के. ती गाठ वेळीच काढली तर कर्करोग टळतो, म्हणून माझं मत आजही काडीच्याच बाजूने.

आपल्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख येतं, आतडं नाही. तेव्हा पंचेचाळिशीनंतर स्वतःच डॉक्टरांना विचारा. आणि रक्त डोळ्यांना दिसत असेल, तर काडीवर थांबू नका. थेट दुर्बीण करून घ्या.