मोजता मोजता पसार होणारा नायट्रोजन

धोलेरा आणि साणंद ही नावं चिपच्या बातम्यांमुळे आता घरोघरी पोचली आहेत. कारखाना कुणाचा, अनुदान किती, यावर भरपूर शाई खर्च झाली. सेमीकंडक्टरच्या पातळ थरात कोणतं मूलद्रव्य किती आहे हे कसं कळतं, हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

इंडियम नायट्राइडचं प्रकरण या बाबतीत बोलकं आहे. त्याचा बँड गॅप, म्हणजे तो कोणत्या रंगाचा प्रकाश देईल हे ठरवणारं ऊर्जेचं अंतर, १.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, असं वर्षानुवर्षं धरून चाललं होतं. २००२च्या सुमारास जास्त चांगल्या प्रतीचे थर हाती आले आणि आकडा ०.७च्या आसपास निघाला. लाल प्रकाशाचा समजला गेलेला पदार्थ थेट अवरक्तात जाऊन बसला! जुन्या थरांत ऑक्सिजन घुसला होता, की नायट्रोजनच जादा होता? वाद मिटवायचा तर थरातले अणू मोजणं भाग होतं.

कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत या कामासाठी सोन्याचे आयन वापरले गेले. त्यांची ऊर्जा २०० मेगा-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात. झोत तिरका पडतो, थरातले अणू धडकेने बाहेर उडतात आणि डिटेक्टर त्यांना ओळखून मोजतो. पण आयन जिथून जातो, तिथले बंधही तुटतात. सुटलेले नायट्रोजनचे अणू जोड्या जमवून वायू होतात आणि निसटतात. इंडियम जागेवरच राहतं. मोजणी लांबली, की नायट्रोजनने भरलेला थरही कंगाल दिसू लागतो.

मोजण्याने वस्तू बदलते म्हणून इथे हायझेनबर्गच्या अनिश्चितता तत्त्वाला मध्ये आणायचं कारण नाही. ही सरळसरळ तोडफोड आहे.

तिचा हिशेब मात्र ठेवता येतो. आयनांची मात्रा वाढेल तसा नायट्रोजन किती घटला याचा आलेख काढायचा आणि ती उतरती रेघ मागे नेत शून्य मात्रेला भिडवायची. झोत पडण्यापूर्वीचं प्रमाण तिथे सापडतं. ही अडचण नायट्रोजनपुरती नाही: सौर पॅनेलमधल्या अस्फटिकी सिलिकॉनमधून हायड्रोजनही अशा मोजणीत असाच उडून जातो. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्येही जड आयनांनी अशी मोजणी होते.

म्हणूनच तपासणीच्या अहवालात नुसती टक्केवारी पुरेशी नाही. आयनांची मात्रा आणि झोताच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ हे दोन आकडे शेजारी छापणं सक्तीचं करायला हवं. कारण ठिपका मोठा केला, की तेवढ्याच आयनांचा मार जास्त जागेवर विभागला जातो आणि नायट्रोजनची गळती कमी होते.