वय सांगा, नाव कशाला?

सावर्ड्याहून एका पालकांनी विचारलं आहे : पोरांना नको त्या साइटपासून दूर ठेवायला सरसकट आधार तपासलं तर बिघडलं कुठे?

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर काय बिघडलं ते पाहा. आपण अल्पवयीन नाही हे पटवायला लोकांनी ओळखपत्रांचे फोटो पाठवले. ते हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७०,००० जणांचे फोटो फुटले असावेत, असं ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डनेच सांगितलं. ब्रिटनमध्ये प्रौढांच्या साइटवर वयाची कडक तपासणी २५ जुलै २०२५ पासून सक्तीची झाली, त्याला तीनच महिने होत होते. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराच्या आतल्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे. म्हणजे मुलांबरोबर मोठ्यांचीही कागदपत्रं आली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठराखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. गावात कागद लागत नाही. कुणाचं पोर कितवीत आहे हे पारावर बसलेल्यांना पाठ असतं. इंटरनेटला ते ठाऊक नाही, म्हणून ते नाव, गाव, चेहरा सगळंच मागतं. खरं तर त्याला एका होय-नाहीपुरतंच उत्तर हवं असतं.

तेवढंच उत्तर देण्याची युक्ती चाळीस वर्षं जुनी आहे आणि माझी फार लाडकी आहे. डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये ती मांडली. समजावताना त्याने आतून कार्बन पेपर लावलेलं पाकीट घेतलं. आपल्या कामासाठी ते असं वापरता येईल : कोऱ्या चिठ्ठीवर मनाला येईल तो आकडा लिहा, चिठ्ठी पाकिटात घालून बंद करा. कचेरीतला साहेब जन्मदाखला पाहतो आणि पाकिटावर सही ठोकतो. सही कार्बनमधून चिठ्ठीवर उमटते. घरी येऊन पाकीट फाडा, चिठ्ठी साइटला दाखवा. सही खरी, म्हणजे माणूस अठरा पूर्ण. साइटला तुमचं नाव कळलं नाही आणि साहेबाला चिठ्ठी कुठे गेली ते कळलं नाही. संगणकात पाकिटाचं काम एक गुप्त संख्या करते : सहीआधी तिच्या घाताने गुणायचं, सहीनंतर तिने भागायचं. गुणाकार-भागाकार उडून जातात, सही तेवढी उरते!

चॉमने यावर डिजिटल रोकड उभारली, कंपनी काढली. १९९८ मध्ये ती बुडाली. पुढे बिटकॉइनवाल्या नाकामोटोचं नाव घरोघर पोचलं, चॉमचं कुणी घेत नाही. आज ‘क्रांतिकारक’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक वयपडताळणी योजनांत त्याच्याच कल्पनेचे वंशज आहेत.

तरी गणिताकडून भलती अपेक्षा नको. चिठ्ठी कुणाच्या हातात आहे, हे सहीला दिसत नाही. बाबांचा फोन, त्यात बाबांची चिठ्ठी आणि फोन मात्र सातवीतल्या पोराकडे, अशा घरात पोर अठराचंच ठरणार. तिथे बाबांनाच पाहावं लागेल.

सावर्ड्याच्या पालकांना माझा सल्ला एवढाच : कुठलंही अ‍ॅप वय तपासायला आलं की विचारा, सही देणारा आणि सही पाहणारा दोघे संगनमताने बसले, तर माझं नाव शोधू शकतील का? ठाम ‘नाही’ म्हणण्याची सोय गणितात आहे. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं उत्तर आलं, तर आधारकार्ड खिशातच राहू द्या.