प्रशिक्षकानं पंचांविरुद्ध बोलावं का?

मंडळी, मागच्या वेळी आपण निष्ठेबद्दल बोललो. त्यावर अमेरिकेतल्या एका श्रोत्यानं विचारलं, की तिथल्या फुटबॉलमध्ये पंचांच्या चुकीमुळे क्वार्टरबॅकवर अन्याय झाला, तर प्रशिक्षकानं जाहीरपणे त्याची बाजू घ्यावी का? प्रश्न खेळाचा दिसतो, पण आहे नीतिशास्त्राचा.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे चढाईचा सूत्रधार. चेंडू फेकताना त्याची नजर दूरच्या साथीदारावर असते आणि नेमकं तेव्हाच शंभर-सव्वाशे किलोचे प्रतिस्पर्धी त्याच्या अंगावर धावून येतात. चेंडू सुटल्यानंतर उशिरा धडक देणं किंवा त्याच्या डोक्यावर आघात करणं नियमबाह्य आहे. त्याला १५ यार्डांचा दंड आहे. पण मैदानावर सात पंच असूनही काही धडका नजरेतून सुटतात.

२०१६ साली कॅरोलायना पँथर्सच्या कॅम न्यूटनला पहिल्याच सामन्यात डोक्यावर हेल्मेटचे तडाखे बसले. ऑक्टोबरअखेर तो पत्रकारांना म्हणाला, की मैदानावर आपल्याला सुरक्षित वाटत नाही. आदल्या हंगामातला हा सर्वोत्तम खेळाडू! आता बघा, मार खाणाऱ्यानं स्वतः तक्रार केली की लोक त्याला रडका म्हणतात. मग बोलायचं कुणी?

प्रशिक्षकानं बोललं, तर व्यावसायिक लीग त्याला दंड करते. हा नियम अगदीच चुकीचा नाही. पंचाचा शब्द मानला नाही तर खेळच उरत नाही. शिवाय प्रशिक्षक हा वादातला पक्षकार आहे. संघांना लीगच्या कार्यालयाकडे चित्रफिती पाठवून दादही मागता येते.

इथे कांट उपयोगी पडतो. १७८४ च्या ज्ञानोदयावरच्या निबंधात तो म्हणतो, की अधिकाऱ्यानं कामावर असताना हुकूम पाळावा, पण लष्करी व्यवस्थेतल्या उणिवांबद्दल विचारी माणूस म्हणून जाहीर लिहिण्यापासून त्याला रोखू नये. म्हणजे सामना चालू असताना निर्णय माना, नंतर बोला.

पण नंतर तरी कशाबद्दल बोलायचं? जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्धचा एक ढळढळीत नियमभंग पंचांनी दिला नाही आणि सेंट्स जादा वेळेत २६-२३ असे हरले. लीगनं आपल्याकडे चूक कबूल केली, असं त्यांचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी जाहीर सांगितलं. मोठा गदारोळ झाला. अशा निर्णयांची फेरतपासणी करण्याचा नियम आला आणि एकाच हंगामात गुंडाळावा लागला. पराभवाच्या रागातून आलेला नियम फार टिकत नाही, असं मला यात दिसतं.

म्हणून मी फरक करतो तो गुण आणि शरीर यांत. गेलेला सामना पुढच्या हंगामात भरून काढता येईल, मेंदूला बसलेला धक्का परत घेता येत नाही. आणि त्या खेळाडूला मैदानात धाडतो कोण? प्रशिक्षकच ना! ज्याला आपण धोक्यात धाडतो, त्याच्यासाठी बोलणं हा उपकार नाही, कर्तव्य आहे.

तरी बोलण्याआधी त्यानं स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मुद्दा शरीराचा आहे की निकालाचा? चूक एकदाच झाली की वारंवार होते आहे? आणि समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकला असाच मार बसला असता, तर मी बोललो असतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ते आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच झालं. निर्णयावर टीका करावी, पंचाच्या हेतूवर नको. दंड झाला तर मुकाट्यानं भरावा. नियम मोडून शिक्षा चुकवणं हा काही सत्याग्रह नव्हे.

माझं उत्तर असं आहे: निकालासाठी गप्प बसावं, माणसासाठी बोलावं. तुम्हाला काय वाटतं, ते पुढच्या वेळी ऐकू.