रक्तवाहिनी उघडली, पुढचा खर्च कोणाचा?

आरोग्यसेवेची प्रगती मोजण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. किती सीटी स्कॅन यंत्रे बसली, किती खाटा वाढल्या आणि किती शस्त्रक्रिया मोफत झाल्या, हे आकडे जाहीर झाले की धोरण यशस्वी ठरते. पण लखनौमधील मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या रेडिओलॉजी विभागांत जे उपचार आज होतात, ते या मोजपट्टीत बसत नाहीत. माझ्या मते आपल्या आरोग्य विम्याच्या रचनेतली उणीव तिथेच सर्वाधिक स्पष्ट दिसते.

लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आजचे विद्यापीठ, १९११ मध्ये सुरू झाले. रायबरेली मार्गावरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था १९८३ च्या राज्य कायद्याने स्थापन झाली, ती अतिविशेष उपचारांसाठी. पूर्वांचल आणि तराईपासून बिहार-नेपाळपर्यंतचे रुग्ण या शहराची वाट धरतात. येथील रेडिओलॉजी विभाग केवळ छायाचित्रे काढून अहवाल देणारा राहिलेला नाही. जांघेतील किंवा मानेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, आत सरकवायची आणि पडद्यावर तिचा प्रवास पाहत अडथळा उघडायचा किंवा रक्तस्राव थांबवायचा, हे कामही तो करतो. अमेरिकेतील चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये ८२ वर्षांच्या एका महिलेच्या पायातील आक्रसलेली धमनी अशीच उघडली. तिचा पाय कापण्याचा सल्ला दिला गेला होता, तो वाचला. या शाखेचा आरंभ तिथे मानला जातो.

उत्तर भारताच्या संदर्भात एकच आजार घेऊ. ‘बड-कियारी’ या विकारात यकृतातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या शिरा बंद होतात. पोटात पाणी होते, पाय सुजतात, यकृत हळूहळू निकामी होऊ लागते. आपल्याकडे हा आजार बहुधा तरुण वयात, कमावत्या माणसाला गाठतो. त्याचा पहिला सुगावा डॉप्लर सोनोग्राफीने लागतो. वेळीच निदान झाले आणि अडथळा योग्य जागी असला, तर फुग्याने शीर रुंद करून किंवा स्टेंट बसवून ती मोकळी करता येते. ते न झाल्यास वाट यकृत प्रत्यारोपणाकडे जाते, आणि सामान्य कुटुंबासाठी ती वाट बंदच असते.

आता विम्याचा हिशेब पाहू. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली ‘आयुष्मान भारत’ योजना पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देते. हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेले आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच काळ त्यात धरला जातो. शस्त्रक्रिया डोळ्यासमोर ठेवून आखलेली ही चौकट आहे. अपेंडिक्सच्या रुग्णाला ती पुरेल. शिरेत स्टेंट घेऊन घरी गेलेल्याला ती पुरत नाही.

कारण त्याचा खर्च दोन्ही टोकांना आहे. अशा विभागांबाहेर बसलेल्या ज्या नातेवाइकांशी मी बोललो, त्यांच्या पिशव्यांत दोन-तीन गावांतील खासगी केंद्रांच्या फिल्म होत्या. योजनेचे कार्ड उपयोगी पडण्याआधीच निदानासाठी उसनवारी झालेली होती. उपचारानंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी वर्षानुवर्षे, बहुधा आयुष्यभर, घ्यावी लागते. तिची मात्रा रक्त तपासून ठरवावी लागते. कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. स्टेंट पुन्हा आक्रसत नाही ना, हे डॉप्लरने ठरावीक काळाने पाहावे लागते. मजुरी बुडवून, गाडीभाडे मोडून लखनौला येणे जमले नाही, की आधी तपासणी सुटते, मग गोळी. सरकारने खर्च करून उघडलेली शीर अशाने पुन्हा बंद होऊ शकते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बाह्यरुग्ण तपासण्या सरसकट विम्यात आणल्या, तर अनावश्यक स्कॅनचे पेव फुटेल. म्हणून मागणी सरसकट असू नये. ज्या उपचारांचे यश पाठपुराव्यावर अवलंबून आहे, त्यांच्या पॅकेजमध्येच पुढील ठरावीक काळाच्या तपासण्या आणि औषधे बांधून द्यावीत. ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेल्या जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया व उपचारांच्या जोडीने १२१ पाठपुरावा सेवांची यादी होती. ते तत्त्व राष्ट्रीय पातळीवर रक्तवाहिन्यांच्या उपचारांना लावायला हवे.

दुसरी गरज जिल्ह्याची आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये मोफत निदान सेवेचा उपक्रम आणला. सीटी स्कॅन आणि दूरस्थ रेडिओलॉजी त्यात आहेत. बहराइच किंवा बलियाच्या जिल्हा रुग्णालयात डॉप्लर आणि रक्ताची तपासणी खात्रीने झाली, आणि अहवाल लखनौच्या तज्ज्ञाने तिथूनच पाहिला, तर रुग्णाची निम्मी पायपीट वाचेल. टेलिमेडिसिनमध्ये देशात आरंभीचे काम संजय गांधी संस्थेनेच केले आहे; तेव्हा अनुभवाची उणीव नाही. मात्र जिल्ह्यात यंत्राबरोबर ते चालवणारा रेडिओलॉजिस्टही नेमावा लागेल.

गडचिरोलीहून नागपूरला किंवा नंदुरबारहून मुंबईला येणाऱ्या रुग्णाची कहाणी यापेक्षा फारशी वेगळी नसते. म्हणून सरकारने यापुढे केवळ किती स्टेंट बसवले, हे सांगून थांबू नये. त्यांपैकी किती वर्षभरानंतरही उघडे आहेत, हा आकडा मागावा. तो द्यायचा, तर रुग्णाचा माग ठेवावाच लागेल.