दिवाणखान्यातील जुना आरसा

आपल्या जुन्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यात पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोर दिवा तेवत असतो, आणि पुष्कळदा शेजारच्या भिंतीवर वाडवडिलांच्या काळचा मोठा आरसा टांगलेला असतो. तसबिरीकडे सर्वांचे लक्ष असते. आरशात सर्वजण पाहतात, परंतु आरशाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वाटणीचा प्रसंग आला म्हणजे तो एकाएकी सर्वांच्या डोळ्यांत भरतो.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिनानिमित्त, आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबासमवेत आम्ही गोव्यातील साष्टी तालुक्यात त्यांच्या मूळ घरी गेलो होतो. मातोश्रींच्या निधनास वर्ष झाले होते. दोन खिडक्यांच्या मध्ये शिसवी कोरीव चौकटीचा, पुरुषभर उंचीचा आरसा होता. त्याची खालची कड काळवंडलेली होती. जपमाळ आटोपली आणि वादास तोंड फुटले. धाकट्या भावाने जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून त्या आरशाचा विसार घेतला होता. थोरल्याला डागाळलेली काच काढून नवी बसवायची होती आणि आरसा आपल्या शहरातील घरी न्यायचा होता. आईची अखेरपर्यंत सेवा केलेली बहीण मात्र गप्प उभी होती. शेवटी थोरला म्हणाला, "फादर, तुम्हीच काय ते सांगा."

सेमिनरीत असताना तेथील सॅक्रिस्टीतील अशाच एका आरशाची निगा राखण्याचे काम आमच्याकडे होते. त्यावेळी जे शिकलो ते त्या भावंडांना सांगितले. वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून तेच येथे लिहीत आहोत.

काचेचे उत्तम आरसे करण्याची कला व्हेनिसजवळील मुरानो बेटावरील कारागिरांनी भरभराटीस आणली. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने १६७८ ते १६८४ या काळात व्हर्साय येथे आरसेमहाल बांधविला. तेथे १७ कमानींत ३५७ आरसे बसविले आहेत. ही हौस पुढे समुद्रमार्गे पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील धनिकांच्या घरांतही पोचली. चांदर आणि लोटली येथील काही जुनी घरे आजही पाहुण्यांना दाखविली जातात. तेथील भव्य दिवाणखाने पाहिले म्हणजे त्या काळच्या थाटाची कल्पना येते.

त्या काळी आरसा करताना सपाट मेजावर कथलाचा पातळ पत्रा पसरीत, त्यावर पारा ओतीत, वरून काच सरकवीत आणि वजने ठेवून जादा पारा कित्येक दिवस निथळू देत. पाऱ्याच्या वाफांनी त्या कारागिरांचे हात कापू लागत आणि पुष्कळांचे आयुष्य खुंटे. १८३५ साली लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर बसविण्याची रीत शोधून काढली. तिचा प्रसार होत गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पाऱ्याचे आरसे मागे पडले.

आपल्या घरचा आरसा कोणत्या जातीचा, हे पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. पाऱ्याच्या आरशाची झाक निळसर करडी असते. त्याची पाठ उघडी आणि राखाडी धातूसारखी दिसते, तर चांदीच्या आरशाच्या पाठीवर बहुधा रंगाचा थर असतो. पाऱ्याच्या आरशात पारा कालांतराने खाली उतरतो, म्हणून खालची कड आधी बिघडते. साष्टीच्या घरातील आरशात ही सर्व लक्षणे होती. तेव्हा ते डाग म्हणजे कोणाच्या हयगयीची खूण नसून वयाची खूण होती. जुनी काच काढून टाकली की आरशाचे जुनेपण गेले. मग उरते ती केवळ चौकट.

निगा राखणे कठीण नाही. आरशावर पाणी अथवा साबणाचा फवारा मारू नये, कारण ओल कडेने आत शिरते आणि लेप सुटू लागतो. कोरड्या मऊ फडक्याने हलकेच धूळ पुसावी. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळण्यास जागा ठेवावी. टांगण्याची दोरी अथवा तार कुजली नाही ना, हे दरवर्षी पाहावे. पाऱ्याचा आरसा आडवा निजवू नये वा उलटा करू नये. तो हलवायचा झाल्यास उभाच न्यावा.

येथे मातांना एक कळकळीची सूचना आहे. असा आरसा फुटला, अथवा त्याच्या तळाशी चकाकणारे थेंब दिसले, तर मुलांना लगेच बाहेर न्यावे आणि खिडक्या उघडाव्यात. केरसुणी मुळीच लावू नये, तिने पारा अधिक पसरतो. अंगावरील सोने आधी उतरवावे, कारण पारा सोन्याला धरतो. मग हातमोजे घालून जाड कागदाने थेंब गोळा करावेत आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत.

आता विक्रीविषयी. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठविता येत नाही. शिवाय गोव्यात मुलगा आणि मुलगी यांचा वारसा समान आहे. वाटणीच्या यादीत घरातील सामानही धरले जाते. वाटणी होईपर्यंत वस्तू सर्वांची असते. एकट्याने तिचा विसार घेणे हे कायद्यालाही धरून नाही आणि चौथ्या आज्ञेलाही शोभणारे नाही.

इतके सांगून झाल्यावर आम्ही त्यांना निर्गम ग्रंथातील एका गोष्टीची आठवण करून दिली. निवासमंडपाच्या दारी सेवा करणाऱ्या स्त्रियांचे पितळी आरसे वितळवून याजकांचे हातपाय धुण्याचे गंगाळ घडविण्यात आले होते. ज्यात त्या आपले मुख पाहत, ते त्यांनी सर्वांच्या शुद्धीसाठी देऊन टाकले. आईच्या आरशासाठी आईची लेकरे एकमेकांचे तोंड पाहीनाशी झाली, तर तो आरसा कोणाच्याही भिंतीवर शोभेल काय?

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग धाकटा उठला आणि म्हणाला, "ताई, आरसा तुझ्याकडेच राहू दे. आई रोज संध्याकाळी त्याच्यापुढे केस विंचरायची, ते तूच पाहिलं आहेस." दुसऱ्या दिवशी त्याने विसार परत केला. वाटणीच्या यादीत आरसा बहिणीच्या नावे लिहिला गेला. थोरल्याने बाजारातून बुचाचे तुकडे आणले आणि स्वतःच्या हातांनी चौकटीमागे बसविले.

डाग अद्याप आहेत. काळवंडल्या कडेच्या वर तिघांचेही चेहरे स्पष्ट दिसतात.

वाचकहो, पावसाळा सुरू होण्यापूर्वी आपल्या घरच्या आरशाची दोरी एकदा तपासून पाहा. तसेच तो पुढे कोणाकडे राहावा, हे आईवडील हयात असतानाच भावंडांनी एकत्र बसून ठरवा.