शेवटची पंगत

मागच्या मार्गशीर्षात भाच्याच्या मुलीचं लग्न झालं. रिसेप्शन पुण्याबाहेरच्या एका लॉन्सवर होतं. कमानीतून आत शिरले तर समोर आरशाचा फलक, त्यावर सोनेरी अक्षरांत नावं आणि टेबलांचे आकडे. माझा आकडा 19. कानात यंत्र खोचलेली एक मुलगी हातातल्या टॅबवर बोट फिरवत म्हणाली, "आजी, तुमचं तिकडे, डाव्या कोपऱ्यात." सगळी मांडणी आडनावांनुसार केलेली. त्यामुळे माहेरच्या आम्ही तिघी बहिणी सासरच्या आडनावांपायी तीन टेबलांवर पांगलो. माझ्या टेबलाशी सात अनोळखी माणसं होती आणि मधोमध एवढा थोरला गुच्छ, की पलीकडचा हसतोय की खोकतोय ते कळेना.

मला हे लागलं, कारण हा माझा प्रांत. सातारच्या आमच्या घरात 1979 ते 1988 या काळात अकरा लग्नं झाली, आणि अकराही लग्नांत पंगत बसवायची चतकोर वही माझ्या हातात होती.

कुणी कुणाच्या शेजारी बसून खावं, यावरून आपल्याकडे काय काय झालेलं आहे! पुण्यात पंचहौद मिशनमधल्या 1890 सालच्या चहापानावरून टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावं लागलं, पुढे प्रायश्चित्तही घ्यावं लागलं. रत्नागिरीत 1931 साली पतितपावन मंदिर उघडलं, त्या काळात सावरकरांना सहभोजनं मुद्दाम घडवून आणावी लागली. 'पंक्तिप्रपंच' हा शब्द आपल्या भाषेला उगाच लागलेला नाही. एकाच पंगतीत एकाला तूप धारेनं आणि दुसऱ्याला थेंबानं, हे इतकं सवयीचं होतं, की त्याला नाव द्यावं लागलं.

आमचा काळ त्यापुढचा, पण फार पुढचा नव्हे. कार्यालयाचा हॉल एकशेवीस पाटांचा. तीसतीसच्या चार रांगा, दोन-दोन समोरासमोर, मधून वाढप्यांची वाट. उष्टी काढून, फरशी पुसून नवी पानं मांडेपर्यंत एका पंगतीला तास जायचा. पहिल्या पंगतीला लहान मुलं, एसटी गाठायची असलेले आणि हापिसातून अर्ध्या रजेवर आलेले. दुसरीला गावातली मंडळी. तिसरी विहिणीची: पाटांभोवती रांगोळ्या, चांदीची ताटं, समया, उदबत्त्या, नाव घ्यायचा आग्रह. ती उठेतो घरच्यांची भूक मरून गेलेली असायची.

या कामातलं खरं कसब थोरल्या काकांनी मला शिकवलं. ज्यांचं पटत नाही त्यांना लांब बसवायचं नाही, आणि समोरासमोर तर मुळीच नाही. त्यांना एकाच रांगेत बसवायचं, मध्ये चार पाट सोडून. पंगतीत माणसाला डावा-उजवा शेजारी कळतो आणि समोरची रांग दिसते. आपल्याच रांगेतला पाचवा माणूस पान सोडून पुढे वाकल्याशिवाय दिसत नाही. बांधावरून कोर्टात गेलेले दोन मेहुणे मी 1983 साली असेच जेववले. मध्ये बसवलेल्या चौघांत एक चांगले ऐसपैस मामा होते. दोघांनी मसालेभात दोनदा घेतला, जिलेबीचा आग्रह मोडला नाही आणि एकमेकांचं तोंड न बघता हात धुवायला उठले. गोल टेबलाला ही सोय नाही. तिथे दहाजण दहाजणांचं तोंड बघत बसतात, म्हणून तर मध्ये तो गुच्छ लागतो.

स्वयंपाकघराच्या दारापाशी गरम पुरी आधी मिळे, पण तो मानाचा पाट नव्हे. मोरीजवळचा पाट तर कुणालाच नको. 1981 साली नवरदेवाच्या चुलत्यांना नेमका तो मिळाला. ते न जेवता उठले, त्यांच्यामागे सगळी रांग उठली. काकांनी टोपी काढली, हात जोडले आणि भर मांडवात म्हणाले, "पोरीच्या हातून चूक झाली." चूक पोरीची नव्हती. आदल्या रात्री, 'चुलत्यांचं काय एवढं' म्हणत काकांनीच तो पाट त्यांच्या नावावर टाकला होता. मी एकवीस वर्षांची होते, गप्प राहिले. आता काका नाहीत. तरी हे एकदा सांगायचंच होतं.

मात्र एक कबूल करायला हवं. ज्यानं अपमान केला त्याला तिथेच वाकावं लागत होतं. चुलते अर्ध्या तासात पुन्हा पाटावर बसले, या वेळी नवरदेवाच्या शेजारी. सोनेरी फलकाशी कुणी कसं भांडावं?

ती वही अजून माझ्याकडे आहे. परवा काढून पाहिली आणि माझाच तोरा उतरला. 'वाईकर, मंडळी 4.' 'फलटणचे, बायका 6, मुलं 9.' पुरुष नावानं आणि बायका आकड्यानं, अकराही लग्नांत, माझ्याच अक्षरात. आमची विधवा आत्या एकाही यादीत नाही. ती जेवायची कोठीघरात, सगळं उरकल्यावर, आणि तिला पंगतीला बसवायचं मला कधी सुचलं नाही. बँडवाल्यांच्या पत्रावळी मागच्या अंगणात मांडलेल्या असत. त्यांच्यापुढे 'बाहेर 12' एवढंच लिहिलेलं. पंक्तिप्रपंच मी पुस्तकात वाचलेला नाही, केलेला आहे.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. बफे आला, पाट माळ्यावर गेले आणि माणसं एका हातात ताट, दुसऱ्या हातात पाकीट सांभाळत उभ्यानं जेवू लागली. कुठे बसायचं हा प्रश्न सुटला, कारण बसायचंच नव्हतं. मग एप्रिल 2021 मध्ये सरकारनंच यादी आखून दिली: माणसं 25, वेळ दोन तास. त्या वर्षी कुणीच रुसलं नाही. ज्यांना बोलावलं नव्हतं त्यांनीही सुटकेचा श्वास सोडला.

आणि आता पुन्हा बसायला मिळतंय, तर ही अशी आकड्यानं जागा. फलकावर माझं नाव होतं, तेही पूर्ण, पदर न धरता. 'मंडळी 4' मधली एक म्हणून नव्हे. चाळीस वर्षांत ही सुधारणा झाली, नाही म्हणवत नाही. पण नाव लिहिणाऱ्यानं ते नाव कुणाची बहीण हे विचारलं नव्हतं.

मी गुच्छाला नमस्कार केला, खुर्ची ओढत निघाले आणि धाकट्या बहिणीच्या नऊ नंबरला जाऊन बसले. मधलीलाही खुणेनं बोलावलं. दहाच्या टेबलाला बाराजण झाले. कानात यंत्रवाली धावत आली. "आजी, हे टेबल नऊ आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तू जेवलीस का?"

साडेदहा वाजून गेले होते. ती क्षणभर टॅबकडे बघत राहिली, जणू तिथे उत्तर असेल.

"आमचं शेवटी असतं, आजी."

मी तिच्यासाठी खुर्ची सरकवली. ती बसली नाही. मीही कधी बसले नव्हते.